मादाम मेरांसिया वाटाणे पीत नाहीत

जाकमेल, ६ जानेवारी १९५२

मादाम मेरांसिया यांस,

नमस्कार. डोंगर उतरून सुखरूप पोचलो. गुडघे मात्र अजून तुमच्या मॉर्न ओरांजवरच राहिलेत असं वाटतं. नव्या वर्षाचं तुमचं भोपळ्याचं सूप जिभेवरून जात नाही. माझ्या सुनेनंही इथे केलं होतं. चांगलं होतं, पण चांगलं आणि तुमचं यांत फरक आहे. हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका.

सूप गोड लागलं, पुढचं नाही. भरल्या अंगणात तुम्ही मला विचारलंत, ‘एका दारानं आत गेलो, तीन दारांनी बाहेर आलो, आणि बाहेर येऊन बघतो तर आतच! कोण मी?’ मी गुहा म्हटलं, तुरुंग म्हटलं, चर्चसुद्धा म्हटलं. मग नेहमीचंच. ‘वाटाणे प्यायलो’ असं हरणाऱ्यानं मोठ्यानं म्हटल्याखेरीज तुम्ही उत्तर सांगणार नाही, आणि उत्तर कळल्याखेरीज मला अन्न गोड लागणार नाही. म्हटलं बापडं. तर उत्तर काय, सदरा! उभा जन्म सदरे शिवणारा शिंपी सदऱ्यात अडकून पडला. तुमच्या डोंगरावरच्या मिरचीवाल्या वर्दिलियानं ही गोष्ट बाजारात येऊन मिरचीबरोबर फुकट वाटली आहे. परवा एक गिऱ्हाईक माप देताना म्हणालं, ‘बॉस, तीन दारं ठेवा हं, विसराल!’

तुम्ही स्वतः म्हणे जन्मात एकदाही वाटाणे प्यायला नाहीत. बघू किती दिवस.

आता दुसरं. माझा आन्सेलम ईस्टर झाला की बायकोला घेऊन राजधानीत चालला. तिथे मोठ्या रस्त्यावर दुकान बघितलंय. म्हणतो, ‘पापा, तुम्ही एकटे इथे काय करणार? चला आमच्याबरोबर.’ मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. इथून तुमच्या डोंगरावर सणावाराला येता येतं. तिथून येणं व्हायचं नाही, हे मला समजतं. इथे धरून ठेवणारं काही असतं तर गोष्ट वेगळी.

असो. टिम टिम!

फिलोक्लेस, शिंपी


मॉर्न ओरांज, १९ जानेवारी

बॉस फिलोक्लेस,

तुमचं पत्र वर्दिलियानं भर दुपारी आणून दिलं. मजेत वाचत होते, तर शेवटी ‘टिम टिम’ दिसलं आणि पत्र घाईघाईनं उशीखाली सारलं. ऊन असताना कोडं घातलं तर आईची टोपली होते म्हणतात. माझी आई देवाघरी आहे. तिथे एवढ्या संतांच्या पंगतीत तिची टोपली झाली तर ती मला सोडायची नाही. म्हणून दिवे लागल्यावर उरलेलं वाचलं.

तुम्हाला सगळं जाकमेल ‘बॉस’ म्हणतं, पण घरात मुलगा उठा म्हणाला की उठायचं आणि बसा म्हणाला की बसायचं, असा तुमचा बॉसपणा दिसतो. राजधानीत जायचं असेल तर खुशाल जा. मी कोण सांगणार? तिथे म्हणे घरात नळ असतो आणि रस्त्यात दिवे. आमच्या अंगणात कोडी घालायला माणसं कमी नाहीत. फक्त इतकं मनापासून हरणारं दुसरं कुणी नाही.

कोडं मात्र तुम्ही लगेच लिहिलं नाहीत, हे रीतीला धरून झालं. हल्लीची पोरं ‘टिम टिम’ म्हणतात आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत कोडं ओकून मोकळी होतात. समोरच्यानं हो म्हणायला नको? तर घ्या :

सुकं लाकूड!

आता घाला.

मेरांसिया


जाकमेल, ३ फेब्रुवारी

मादाम मेरांसिया यांस,

परवानगी मिळाली. कार्निव्हलचे दिवस असल्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एकाला बैल व्हायचंय, एकाला बिशप. बैलाचं कापड उरलं ते बिशपला लावलं. कुणाच्या लक्षात येणार नाही.

तर ऐका. तांबड्या झग्यात दोघी जुळ्या पोटाला पोट लावून निजल्या. उन्हात झगा उतरवला, विस्तवावर काळ्या झाल्या, मग कुठे पाहुण्यांसमोर आल्या. कोण त्या?

आठवडाभर डोकं खाजवाल अशी आशा आहे. आन्सेलम रोज विचारतो, ‘पापा, ठरलं का?’ मी तोंडात टाचण्या धरून ठेवतो, म्हणजे उत्तर द्यावं लागत नाही.

फिलोक्लेस


मॉर्न ओरांज, १६ फेब्रुवारी

बॉस फिलोक्लेस,

वर्दिलिया गाढवाच्या पाठीवरचं ओझं सोडत होती, तेवढ्यात सुटलं. कॉफी! एका फळात दोन बिया, पोटाला पोट. आमच्या डोंगरावर कॉफीखेरीज उगवतं काय? कॉफीवालीला कॉफीचं कोडं घालणं म्हणजे शिंप्याला सदऱ्याचं घालण्यासारखं. अरे हो, विसरलेच, काही शिंप्यांना तेही सुटत नाही.

एक सुचवते. माझं सुकं लाकूड खाली पोचायचं, मग तुमचं कोडं वर यायचं, यात दिवस फार जातात, आणि ईस्टरला उरलेत किती? म्हणून पुढच्या पत्राचं ‘सुकं लाकूड’ मी आत्ताच म्हणून ठेवते. तुम्ही टिम टिम न करता थेट कोडंच लिहा. आणि चांगलं अवघड घाला. तुम्ही जाण्याआधी एकदा तरी मला घाम फुटू दे.

टाचण्या जपून. गिळाल.

मेरांसिया


जाकमेल, २ मार्च

मादाम मेरांसिया यांस,

कार्निव्हल संपला. बैल आणि बिशप दोघेही घामेजून घरी गेले. रस्ता इतका शांत आहे की माझं मलाच ऐकू येतं.

दुकानामागच्या माझ्या खोलीत टेबलाशी दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसतो. दुसरी तीन वर्षं रिकामी आहे. ती कुणाला उचलू देत नाही आणि तिच्यावर कुणाला बसूही देत नाही. जेवताना लक्ष सारखं तिकडेच जातं. आधी तिथे कोण होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आता तिथे कोण असावं असं मला वाटतं, तेही तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चालतो. ती जागा भरेल का?

उत्तर ईस्टरच्या आत द्या. माझं सगळं त्यावर ठरायचं आहे.

फिलोक्लेस


मॉर्न ओरांज, ८ मार्च

वा बॉस, वा!

ह्याला म्हणतात कोडं. मानलं तुम्हाला. दोन दिवस मला काही सुधरेना. कसावाच्या कंदाच्या भाकऱ्या थापता थापता हात थांबत होता. खुर्च्या, टेबल, रिकामी जागा. मी घुबड म्हटलं, घंटा म्हटलं, मोडकं जातं म्हटलं. आणि काल सकाळी चूळ भरताना एकदम उजेड पडला.

खोली म्हणजे तोंड. टेबल म्हणजे जीभ. खुर्च्या म्हणजे पुढचे दोन दात! एक आहे, एक पडला. त्या फटीत कुणी बसत नाही की तिथून काही उचलता येत नाही. जेवताना लक्ष सारखं तिकडे जातं, कारण जीभच जाते ना तिथे! आधी तिथे कोण होतं, तर खरा दात. आता कोण असावं वाटतं, तर सोन्याचा! आणि ती जागा भरेल का म्हणता? नाही हो बॉस, नाही भरायची! ह्या वयात पडलेल्या दाताच्या जागी दुसरा उगवत नाही. म्हाताऱ्यानं गुपचूप पेज प्यावी आणि हौस आवरावी.

उत्तर : बोळकं होत चाललेलं तोंड. आहे की नाही बरोबर?

कोडं इतकं आवडलं की काल दिवे लागल्यावर तुमचं पत्र अंगणात सगळ्यांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. कुणी उत्तर देईना, नुसते एकमेकांकडे बघत राहिले. मग मी माझं उत्तर सांगितलं, तर मंडळी हसून हसून आडवी झाली. म्हाताऱ्या दोर्सिलला ठसका लागला, पाठीत बुक्के मारावे लागले. तुमचं नाव झालं हो डोंगरावर!

दुसरं पाठवा. सुकं लाकूड!

मेरांसिया


जाकमेल, १५ मार्च

मादाम मेरांसिया यांस,

आपलं पत्र पोचलं. उत्तर स्वच्छ आहे, त्यात काही शंका राहिली नाही. अंगणातल्या मंडळींची करमणूक झाली हे वाचून आनंद झाला.

आन्सेलमला मी हो सांगितलं आहे. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ट्रक निघेल. आपल्या शेजाऱ्यांचे दोन सदरे दुकानात तयार आहेत, ते वर्दिलियाबरोबर पाठवतो.

प्रकृतीला जपावं.

फिलोक्लेस बाझेले


मॉर्न ओरांज, २२ मार्च

बॉस फिलोक्लेस,

हे काय पत्र म्हणायचं? असं तर सरकारी कचेरीतूनही येत नाही. ‘आपलं’ काय, ‘प्रकृती’ काय, आणि आडनावासकट सही! आजवर मी तुमचं आडनाव कागदावर पाहिलं नव्हतं. उत्तर बरोबर आलं म्हणून राग आला का? हरायची तर तुम्हाला सवय आहे.

आणि हो सांगून टाकलंत मुलाला? मला विचारायचं नव्हतं, मी कोण? पण ठरवायच्या आधी थोडं कळवायचंत. इथे माझ्या परसात केळीचा एक घड तुमच्यासाठी ठेवला होता. ईस्टरला याल, तळून घालीन, असं डोक्यात होतं. तुमचं पत्र वाचलं आणि घड कापून डुकरांपुढे टाकला. मग डुकरांवरही रागावले, कारण त्यांनी तो फार आवडीनं खाल्ला.

जायच्या आधी एवढं तरी करा. टिम टिम!

माझं कोडं तयार आहे. तुम्ही नुसतं सुकं लाकूड म्हणा.

मेरांसिया


मॉर्न ओरांज, २९ मार्च

बॉस फिलोक्लेस,

आठवडा गेला, तुमचं सुकं नाही की ओलं नाही. कुणी टिम टिम म्हणावं आणि समोरच्यानं तोंड मिटून बसावं, असा अपमान माझ्या दाराशी भीक मागायला येणाऱ्यानंही केलेला नाही.

पण आज मी त्यासाठी लिहीत नाही. आज वर्दिलिया खालून आली ती डोळे मिचकावत. म्हणाली, ‘काकी, बॉस राजधानीत का चाललेत ठाऊक आहे? आपल्या डोंगरावरच्या एका बाईला त्यांनी मागणी घातली होती. तिनं वाटाण्याच्या अक्षता लावल्या, त्याही चारचौघांत, हसून!’ मी विचारलं, ‘कोण ती?’ तर ही बया मिरच्या मोजत बसली आणि म्हणाली, ‘मला काय ठाऊक!’

कोण ही टवळी? मला नाव हवंय. पाववाल्याची विधवा ओल्मेन का? तिच्याशिवाय इतकं खिदळतं कोण? तिचे पाव आतून कच्चे असतात, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं असतं. की लेओसाद? ती तर तुमच्यापेक्षा हातभर उंच आहे. कुणीही असो, तुमच्यासारख्या माणसाला नाही म्हणायला तिचं डोकं ठिकाणावर हवं की नाही? माणूस हातानं कष्ट करतो, दारू पीत नाही, बायकोला शेवटच्या दुखण्यात त्यानं लहान मुलासारखं सांभाळलं. आणि त्याला हसते? चारचौघांत? नाव कळवा. रविवारी इथल्या चर्चच्या पायरीवर सगळ्यांसमोर तिची खरडपट्टी काढते की नाही बघा.

आणि राग तुमचाही आला आहे. एवढी मोठी गोष्ट करायला निघालात आणि मला एका अक्षरानं बोलला नाहीत. मागणीच घालायची होती, तर ह्या डोंगरावर काय ती एकच बाई होती?

हे शेवटचं वाक्य वाचू नका. कागद महाग म्हणून खोडत नाही.

आज भाकरी करपली. दोनदा.

मेरांसिया


जाकमेल, ३ एप्रिल

मादाम मेरांसिया,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, ही बाई जखमेवर मीठ चोळते आहे. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा शंका आली. तिसऱ्यांदा वाचलं आणि दुकानात एकटाच इतका हसलो की सून धावत आली. तिला वाटलं, टाचणी गिळली.

त्या बाईचं नाव विचारता? सांगतो. ती कसावाच्या भाकऱ्या भाजते, डुकरांवर रागावते आणि चूळ भरताना तिला उजेड पडतो.

मेरांसिया, ते कोडं नव्हतं.

तुम्ही सुकं लाकूड आगाऊ म्हणून ठेवलं होतंत, ते त्या दिवशी माझ्या ध्यानातच राहिलं नाही. मला जे वाटत होतं ते मी लिहिलं. खुर्ची म्हणजे खुर्चीच. लाकडी, वेताच्या बैठकीची. टेबल म्हणजे टेबल. मी म्हणजे मी, आणि तिथे कोण असावं असं वाटतं, तर तुम्ही. तोंडानं बोलायचं धाडस झालं नाही म्हणून कागदावर मांडलं. मला वाटलं, याहून सरळ माणूस काय लिहिणार? तर तुम्ही त्यात दात मोजलेत, अंगणात वाचून दाखवलंत आणि म्हाताऱ्यानं पेज प्यावी म्हणालात. त्या दिवशी मी खरंच नुसती पेजच प्यायलो.

ट्रक चौदा तारखेला निघतो आहे. सामान बांधून झालंय, मशीन तेवढं अजून उभं आहे. म्हणून पुन्हा विचारतो, आणि ह्या वेळी एकाही खुर्चीचं नाव घेत नाही. माझ्याशी लग्न कराल का?

याचं उत्तर एकाच शब्दाचं आहे. दोन्हींपैकी कुठलंही असलं तरी कळवा. आणि देवाशपथ, अंगणात वाचू नका.

फिलोक्लेस


जाकमेल, ५ एप्रिल, चर्चची पायरी

फिलोक्लेस,

वर जाकमेल लिहिलंय ते चुकून नाही.

तुमचं पत्र वर्दिलियानं काल दुपारी दिलं. वाचलं, आणि उन्हातच उभी राहून मोठ्यानं म्हणाले, ‘वाटाणे प्यायले!’ एका कोंबडीशिवाय कुणी ऐकलं नाही. हे काही खरं नाही, हरले तर चारचौघांत हरायला हवं, म्हणून दिवे लागल्यावर अंगणात जाऊन पुन्हा म्हटलं. पत्र वाचलं नाही, तुमची शपथ पाळली. नुसतं सांगितलं की बॉसचं ते कोडं कोडं नव्हतंच, मी वाटाणे प्यायले. मग म्हातारा दोर्सिल म्हणाला, ‘आम्हाला कळलंच होतं ते. म्हणून तर हसत होतो. तुला सोडून सगळ्या डोंगराला कळलं होतं, मेरांसिया.’ मी म्हटलं, ‘मग एकालाही सांगावंसं वाटलं नाही?’ तर म्हणतो कसा, ‘तू वाटाणे प्याल्याशिवाय उत्तर कसं सांगायचं? रीत तूच शिकवलीस.’

मला लाज वाटली. तुम्हाला किती वाटली असेल, ते मग लक्षात आलं. माझ्या हातून तुमचा अपमान झाला, त्याबद्दल मला माफ करा.

पण असं का झालं, तेही सांगते. माझा नवरा सेनातूस गेल्यापासून माझ्या दाराशी माणसं येतात ती भाकरी मागायला, मीठ मागायला, विस्तव मागायला. मी हसून देते, त्यात मला आनंद आहे. पण कुणी मला मागेल, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तुमच्या पत्रात मला दात दिसले, जीभ दिसली, तुम्ही तेवढे दिसला नाहीत. एवढी हुशार म्हणवते, आणि सरळ लिहिलेलं मला वाचता आलं नाही. तुम्ही राजधानीत जाणार म्हटल्यावर घर खायला उठतं, कशातच लक्ष लागत नाही, हे का होतं ते तरी मला कळायला हवं होतं. तेही कळलं नाही. ओल्मेनला मात्र काय काय बोलले! उद्या तिच्याकडून पाव घेणार आहे, कच्चे तर कच्चे.

मग उत्तर लिहायला बसले. शब्द एकच, पण वर्दिलिया तो बाजारच्या दिवशी खाली नेणार, तुम्ही तो खरा मानणार की पुन्हा काही वेगळंच समजणार, आणि मध्ये तुमचा तो ट्रक. मला धीर निघेना. सेनातूसच्या दफनानंतर मी हा डोंगर उतरले नव्हते. आज उजाडताच वर्दिलियाच्या गाढवामागून चालत निघाले. वाटेत भेटेल तो विचारत होता, ‘मेरांसिया, कुठे?’ वर्दिलियानंच प्रत्येकाला सांगितलं. आता ती बातमी माझ्या आधी घरोघर पोचली असेल.

तुमच्या दुकानासमोरच्या चर्चच्या पायरीवर बसून, पेन्सिलीनं, गुडघ्यावर कागद ठेवून हे लिहिते आहे. तुमचं दार सताड उघडं आहे. तुम्ही एका जाड्या गृहस्थांच्या पोटाचं माप घेताय. फीत पुरत नाही. मागे मशीन दिसतंय आणि दोरीनं बांधलेली गाठोडी दिसताहेत. त्या गृहस्थांसमोर आत येऊन बोलायला मला लाज वाटते, म्हणून ही चिठ्ठी वर्दिलियाच्या हाती आत पाठवते.

उत्तर : हो.

वर राहायचं की खाली, आन्सेलमला कुणी सांगायचं, पाद्र्याकडे कधी जायचं, यावर आपण भांडू. भरपूर भांडू, पण पत्रातून नाही.

त्या गृहस्थांचं माप नीट घ्या. घाईत चुकाल. मी कुठे जात नाही.

मेरांसिया